मुलुंड ते मनोरी, जोगेश्वरीच्या प्लगमार्गे

मनोरीला जायचं आमच्या घरात सतरा वर्षांपूर्वी ठरलं होतं. निघालो या जानेवारीत. एवढ्या काळात माणसं अमेरिकेला जाऊन, तिथे कंटाळून परतही येतात. पण आमची गाडी विजेची, आणि घरातल्या माणसांचे स्वभाव तिच्याहून विचित्र.

निमित्त झालं सोसायटीच्या नोटिशीचं. ‘पार्किंगमधील भंगार वाहने पंधरा दिवसांत हटवावीत.’ नाव कोणाचंच नव्हतं, पण आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत ताडपत्रीखाली नऊ वर्षं झोपलेली गाडी एकच, आणि ती माझ्या बाबांची. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे त्यांचं गाडी चालवणं बंद झालं, तेव्हापासून ती उभीच होती. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला विचारलं, “शुभा, ती चालायला लागली तर भंगार म्हणणार नाहीत ना?”

“चालायला लागली तर आधी कुठे जायचं?” मी आपलं सहज विचारलं. वाटलं, एखादं देऊळ सांगतील.

“मनोरी,” ते म्हणाले. एका क्षणाचाही विचार न करता.

आता गाडीबद्दल सांगते. घरात आम्ही तिला डबी म्हणतो. वीसेक वर्षांपूर्वी, हिरव्या नंबरप्लेटा कोणी पाहिल्याही नव्हत्या तेव्हा बाबांनी ही विजेची गाडी घेतली. ते कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होते, त्यामुळे त्यांना पेट्रोलच्या इंजिनाबद्दल एकंदरीतच तुच्छता होती. डबीला दोन दारं. पुढे दोन माणसं बसतात, मागे दोन लहान मुलं किंवा एक मोठं माणूस आणि त्याचा संताप. सीटखाली आठ जडशीळ बॅटऱ्या, त्यांना दर दोन-तीन आठवड्यांनी डिस्टिल्ड वॉटर पाजायचं. चार्जिंगला गिझरचा असतो तसला पंधरा अँपियरचा प्लग लागायचा, आणि पोट पूर्ण भरायला सात तास.

या प्लगमुळे आमच्या नातेवाइकांची नव्याने विभागणी झाली. तळमजल्यावर राहणारे आणि ज्यांच्या खिडकीतून वायर खाली सोडता येते ते जवळचे. तिसऱ्या मजल्यावरचे सख्खे काका दूरचे झाले. घाटकोपरच्या मावशीकडे प्लग होता, पण गाडी लावायला जागा नव्हती. तिचं-आमचं जाणं-येणं आपोआप कमी झालं. सगळ्यांत वरचा मान जोगेश्वरीच्या आत्याला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, जोगेश्वरीच्या लेण्यांजवळच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहते. आमच्यापासून अठरा किलोमीटर. महिन्यातून दोन रविवार आम्ही तिच्याकडे. डबी खिडकीखाली वीज प्यायची आणि आम्ही तिच्या जिवावर जेवून, लोळून, चहा घेऊन संध्याकाळी निघायचो. गाडी चार्ज होत असताना पाहुण्यांना ‘निघतो’ म्हणता येत नाही, ही या गाडीची खरी खुबी होती. ती कुठल्या जाहिरातीत नव्हती.

बाबांची आणि आतोबांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, तिथेच जमली. आतोबांना डबीची थट्टा करायला आवडायचं. बाबा सांगायचे ही मार्व्याच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत येईल. आतोबा म्हणायचे, येताना मालाडला ढकलावी लागेल. शेवटी पैज लागली. जोगेश्वरीहून पूर्ण भरून निघायचं, मार्व्याला गाडी लावायची, होडीने पलीकडे मनोरीला जाऊन मासे खायचे आणि परत जोगेश्वरीला यायचं. ढकलावी लागली तर बाबा हरले, नाही तर आतोबा. हरेल त्याने मिशी काढायची. दोघांनाही मिशा होत्या, आतोबांची जास्त भरघोस. भाऊबीजेच्या पुढचा रविवार नक्की झाला.

भाऊबीजेलाच वाट लागली. आत्याने बाबांना ओवाळलं, बाबांनी बाहेर जाऊन डबीला प्लग लावला, आणि धाड! आत्याच्या घरातला फ्यूज तर उडालाच, पण त्या विंगमधल्या सगळ्यांचे दिवे गेले. सणाचा दिवस, घराघरांत पाहुणे. शेजारी जिन्यात जमा झाले. आतोबा वैतागून सगळ्यांसमोर म्हणाले, “अरविंद, हे तुझं खेळणं तुझ्या घरी चार्ज करत जा.” बाबा म्हणाले, “खेळणं चांगलं आहे, भाऊजी. तुमच्या घराची वायरिंग कुजकी आहे.” एवढंच. दोन वाक्यं. आम्ही न जेवता निघालो. अर्धवट चार्जवर डबी पवईच्या चढावर बसली आणि आई, मी आणि बाबा तिला ढकलत होतो. बाबा पुन्हा त्या घरात गेले नाहीत.

भांडण म्हणावं असंही काही नव्हतं. लग्नाकार्यात भेटायचे, आत्या फोन करायची, आई गेली तेव्हा आत्या-आतोबा दोघं येऊन आठ दिवस राहिले. पण बाबा जोगेश्वरीला जात नसत. चार वर्षांपूर्वी आतोबा गेले, तेव्हाही बाबा थेट स्मशानात गेले आणि तिथूनच परतले. घरी आल्यावर आंघोळ करून बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, “मनोरी राहिलं.” मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे इथे लिहूनच टाकते.

असो. तर डबी दुरुस्त करायची ठरली. ज्यांना जुनी विजेची गाडी घ्यायची खुमखुमी आहे त्यांच्यासाठी एक सूचना: गॅरेजवाल्याकडे जाऊ नका. तो बॉनेट उघडतो, आत इंजिन न दिसल्यामुळे दुखावतो आणि वाटेल ते सांगतो. आम्हाला भांडुपला पाटकर भेटले. हे मूळचे कुडाळकडचे, गोदामांतल्या बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांनी डबीभोवती एक फेरी मारली, आडवे होऊन खालून पाहिलं आणि निकाल दिला, “मोटार जिती आसा. बॅटऱ्यो मात्र सगळ्यो गेल्यो. माका एक म्हयनो दी.” टेम्पोतून डबी भांडुपला गेली, म्हणजे नोटिशीचंही आपोआप निभावलं.

लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या घालू, दुप्पट पळेल, असंही त्यांनी सुचवलं. बाबांनी जुन्याच प्रकारच्या हव्यात म्हणून हट्ट धरला. ब्रेकचे रबर, दाराच्या काचा वर-खाली करणारी दोरी, उंदरांनी खाल्लेल्या वायरी, सगळं जमवता जमवता एका महिन्याचे चार झाले. खर्च विचारू नका; नवी स्कूटर आली असती. पुन्हा पासिंग करायला आरटीओत तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा तिथल्या लोकांनी डबीबरोबर फोटो काढून घेतले. बाबा या काळात रोज मला ऑफिसात फोन करून विचारायचे, “आज काय झालं?” आई आजारी होती तेव्हाही ते मला असेच फोन करायचे.

एका शनिवारी पाटकरांनी मला एकटीलाच बोलावलं. डबीचं चार्जिंगचं सॉकेट, मागच्या चाकावरच्या झाकणाआड असतं ते, सोडवून टेबलावर ठेवलं होतं.

“हय बघ गो बाय,” ते म्हणाले. आतल्या भागात पितळेच्या दोन पिना, आणि एका पिनेपासून दुसरीपर्यंत काळा, कडक थर. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने तो खरवडला. काळ्याखाली लाल होतं, लालखाली पिवळं.

“हळद-कुंकू वाटता. ओला होता तेव्हाच प्लग लावलो असतलो. आतमधी जळान कोळसो झालो. सुकल्यार मगे करंट गेलो नाय, म्हणान गाडी पुढे चलत रवली. फ्यूज उडालो तां बरा झाला, नायतर गाडी पेटली असती. कोणी घातल्यान ह्यां हय?”

मला आठवलं. अगदी स्वच्छ आठवलं. त्या भाऊबीजेला बाबांना ओवाळून झाल्यावर आत्या तबक घेऊन बाहेर आली होती. दर वर्षी ती बॉनेटला कुंकू लावायची. त्या दिवशी बाबांनी झाकण आधीच उघडून ठेवलं होतं. “थांब अरू, हिने तोंड उघडलंच आहे तर हिचंही तोंड गोड करू,” असं म्हणत तिने सॉकेटला हळद-कुंकू लावलं आणि वर नारळाच्या पाण्यात भिजवलेली साखर. मी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, विज्ञान शाखेची पदवीधर होते, आणि टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणजे वायरिंग कुजकी नव्हती, आणि खेळणंही वाईट नव्हतं. पाटकरांनी नवं सॉकेट बसवलं. जुनं मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं आणि बाबांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? आतोबा तर गेलेच होते.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. हिशेब असा: मुलुंड ते मार्वे तेहतीसएक किलोमीटर. पाटकरांनी बजावलं होतं की पन्नासच्या वर भरवसा ठेवू नकोस. म्हणजे जाता येतं, परत येता येत नाही. मधे कुठे तरी चार-पाच तास प्लग हवा. तुम्ही म्हणाल, आता तर जागोजागी चार्जिंग स्टेशनं आहेत. आहेत, पण त्यांची एकही पिन डबीला बसत नाही. तिला घरगुतीच प्लग लागतो. मालाडला माझी ऑफिसातली मैत्रीण सुषमा राहते, तिच्या सोसायटीत व्यवस्था केली होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पिशवीत डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि कोरडं फडकं घेतलं होतं. जोगेश्वरीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

रस्ता सोपा आहे. एलबीएस मार्गाने भांडुप, कांजूर, गांधीनगरहून लिंक रोड. रविवारी आठच्या आत निघालात तर सुख आहे. डबी चाळीसच्या वेगाने डावीकडून चालते आणि तिचा आवाज जवळजवळ नाही, त्यामुळे पादचारी दचकतात आणि कुत्री गोंधळतात. गांधीनगरला सिग्नलवर एका रिक्षावाल्याने वाकून पाहिलं. “काय ताई, नवीन मॉडेल आलं काय?” बाबा मान ताठ करून म्हणाले, “तुमच्या रिक्षाहून म्हातारी आहे.” ते त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. पवईचा चढ आला तसा त्यांनी दाराचा दांडा घट्ट धरला. काटा झरझर खाली येत होता. चढ संपला, डबी बसली नाही, आणि मी नकळत तिच्या स्टिअरिंगवर थोपटलं.

पवई तलावाच्या कडेला सायकलवरचा चहा प्यायला थांबलो. तिथेच सुषमाचा फोन आला. “शुभे, सॉरी यार. सेक्रेटरी ऐकतच नाही गं. बाहेरची गाडी सोसायटीच्या मीटरवर नाही म्हणतो. मी भांडले ना त्याच्याशी, पण वॉचमनला सांगून ठेवलंय त्याने.”

मी बाबांना सांगितलं. त्यांनी काट्याकडे पाहिलं. “घरी चल. आत्ता वळलीस तर पोचू.”

“आणि मनोरी?”

“राहू दे.”

“बाबा, जोगेश्वरी इथून सहा-सात किलोमीटर आहे.”

“मी त्या घरी प्लग मागायला जाणार नाही.” आवाज चढला नव्हता, पण चहा त्यांनी तसाच ठेवून दिला. “तिथे चारचौघांत सांगितलंय मला.”

मला राहवलं नाही. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिची इमारत पुनर्विकासाला गेलीय, मेमध्ये खाली करायची आहे, मग ती लेकाकडे नाशिकला जाणार. हे बाबांना माहीत होतं. मी पर्समधून रुमाल काढला, तलावाच्या कठड्यावर उलगडला आणि जुनं सॉकेट त्यांच्या हातात दिलं. पाटकर काय म्हणाले तेही सांगितलं. बाबांना बारीक दिसत नाही; त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. इतकी वर्षं विजेचं काम केलेलं बोट ते. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

“ताईने लावलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हणजे त्यांची वायरिंग ठीक होती.” सकाळी फिरायला आलेले लोक आमच्या मागून जात होते. “मी त्यांना सगळ्यांसमोर कुजकी म्हटलं, शुभा.”

बाबांनी सॉकेट रुमालात परत गुंडाळलं, माझ्याकडे न देता स्वतःच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, “ताईला हे कधीही सांगायचं नाही. कळलं?”

तिथून पुढचा रस्ता मेट्रोच्या खांबांखालून आहे, पाहण्यासारखं काही नाही आणि खड्डे बघून चालवावं लागतं. लिंक रोड संपत आला. उजवीकडे हायवेने गेलं की मालाड आणि समुद्र. बाबा म्हणाले, “डावीकडे घे.”

गल्लीत आता दुतर्फा दुचाक्या असतात. डबीसारखीच गाडी असली तर जा. आत्या ग्रिलमागे खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती. तिने डबी पाहिली, मग मला, मग बाबांना. मला वाटलं होतं, रडेल. ती ताट बाजूला ठेवून ओरडली, “अरू, खिडकीखाली नको लावू. भिंतीला घे, भिंतीला! तिकडे आहे तुझा प्लग.”

आम्हाला कळेना. कंपाउंडच्या भिंतीला, पत्र्याच्या छोट्या छपराखाली एक लोखंडी पेटी होती, तिला कुलूप. आत्या हळूहळू दाराच्या पायऱ्या उतरून आली, कमरेच्या जुडग्यातली एक किल्ली लावली. दोन झटके दिल्यावर कुलूप उघडलं. आत पंधरा अँपियरचा प्लग, त्याचा स्वतंत्र स्विच, वर स्वतंत्र फ्यूज. सगळं जुनं, पण न वापरलेलं.

“हे कधी केलंस?” बाबांनी विचारलं.

“मी कशाला करतेय? ह्यांनी केलं. त्या भाऊबीजेनंतर आठ दिवसांत. थेट मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून घेतली. म्हणाले, अरविंद त्यातला माणूस आहे, तो कुजकी म्हणतो म्हणजे असणारच कुजकी. सोसायटीशी भांडून परवानगी आणली.” तिने पदराने पेटीवरची धूळ पुसली. “कोणाला यावर इस्त्रीसुद्धा लावू दिली नाही हां त्यांनी. वरच्या जोशांनी एकदा ड्रिल मशीन लावायला मागितला, तर नाही म्हणाले. मेहुण्याच्या गाडीचा आहे.”

“ताई, मला सांगायचं नाही का?”

“मी म्हटलं ना त्यांना, फोन करते. तर म्हणाले, भावाला बहिणीच्या घरी यायला आमंत्रण लागतं काय? येईल तेव्हा दिसेल. मग मीही हट्टाने गप्प बसले. मला तुझाही रागच आला होता.”

बाबा त्या पेटीपुढे उभे होते. त्यांनी स्विच खाली केला, वर केला, परत खाली केला. प्लग लावायला मी पुढे झाले, पण त्यांनी मला मागे सारलं. दिवा लागला. आत काही उडालं नाही. एवढ्यात आत्या घरात जाऊन तबक घेऊन आली होती. “थांब, इतक्या वर्षांनी आलीय. तोंड गोड करू दे तिचं.” बाबांनी झटकन पंजा डबीच्या सॉकेटवर ठेवला. “इथे नको, ताई. बॉनेटवर लाव.”

“पूर्वी तर तोंडालाच लावलं होतं.”

“आता म्हातारी झालीय ती. गोड वर्ज्य आहे तिला.”

आत्या हसली आणि बॉनेटला कुंकू लावलं. माझ्याकडे बाबांनी पाहिलंच नाही.

दहाला दारावर कोळीण आली. आत्याने बोंबील आणि मांदेली घेतली. तांदळाची भाकरी, मांदेलीचं तिखलं, बोंबील कुरकुरीत तळलेले, आणि सकाळी सोललेल्या मटारची उसळ. बाबा जेवायला बसले ते आतोबांच्या फोटोसमोर. फोटोतही मिशी तशीच भरघोस. जेवण अर्धं झाल्यावर ते म्हणाले, “ताई, आज आम्ही मार्व्याला जाऊन परत इथे आलो, तर यांची मिशी काढायला लागेल.”

“मग मलाही ने,” आत्या म्हणाली. “मी बघायला नको?”

दोन वाजता निघालो. आत्या पुढे, बाबा गुडघे हनुवटीला लावून मागे. मालाडहून मार्वे रस्त्याला रविवारी दुपारी गर्दी असते, तासभर धरून चाला. धक्क्यावर गाडी कडेला लावली. मनोरीची होडी ये-जा करते, तिकीट किरकोळ आहे, पण ओहोटी लागली की होडीत चढणं म्हाताऱ्या माणसांना अवघड. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटीच होती. पाण्यापर्यंत चिखल, त्यात टाकलेल्या फळ्या. आत्याने गुडघ्यांकडे पाहिलं, बाबांनी फळ्यांकडे पाहिलं.

तेव्हा मनोरीच्या बंगल्यांविषयी, तिथल्या खाणावळींविषयी वाचायला आला असाल तर माफ करा. आम्ही मनोरी अलीकडूनच पाहिलं. पलीकडे माड होते, रंगीत होड्या होत्या, एक बाई डोक्यावर टोपली घेऊन किनाऱ्याने चालली होती. आम्ही तिघं दगडावर बसून कणीस खात होतो. “त्यांना तिथली सुरमई खायची होती,” आत्या म्हणाली. बाबा म्हणाले, “हो, आणि मला म्हणाले होते, बिल तू देशील, कारण मिशीही तुझीच जाईल.” मग दोघंही पलीकडे बघत राहिले. होडी दोनदा गेली आणि दोनदा आली. मला आतोबांची इतकी आठवण आली, की आई गेल्यानंतर कोणाची तेवढी आली नव्हती. ते असते तर फळ्या-बिळ्या काही न बघता पहिले उतरले असते.

सहा वाजता आम्ही जोगेश्वरीच्या गल्लीत शिरलो. कुठे थांबलो नाही, कुठे ढकललं नाही. काट्यात थोडी जान शिल्लक होती. बाबा मागच्या सीटवरून उतरले, कंबर धरून उभे राहिले आणि म्हणाले, “जिंकलो.” आजूबाजूला दोन-तीन शेजारी होते, त्यांनी कौतुकाने पाहिलं. बाबा आत गेले. मी आत्याची पिशवी घेऊन मागून गेले तर ते फोटोपुढे उभे होते. “भाऊजी, वायरिंग चांगली होती तुमची,” असं म्हणताना मी ऐकलं. आत्या स्वयंपाकघरात चहा टाकत होती. तिला ते ऐकू गेलं नाही.

परतीपुरतं चार्ज व्हायला दीड तास लागला. निघताना आत्याने पेटीची ती किल्ली जुडग्यातून काढून बाबांच्या हातात दिली. “मेपर्यंत आहे. मग बिल्डर पाडणार सगळं.”

येतानाचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये डबी लावल्यावर मात्र ते उतरेनात. पुढे बघत म्हणाले, “तेरा वर्षं ते होते, शुभा. तेरा वर्षं तो प्लग तिथे होता आणि ते होते. अठरा किलोमीटर.” मी त्यांचा हात धरून बसले.

प्रवासातून माणूस काहीतरी घेऊन येतो म्हणतात. आम्ही काही आणलं नाही, उलट एक सांगायची गोष्ट तिकडेच ठेवून आलो, आणि ती ज्यांना सांगायची ते तिथे नव्हते. जुनी विजेची गाडी घ्यावी का, असं मला दोघा-तिघांनी विचारलंय. सोयीची म्हणाल तर अजिबात नाही. तिला सारखं कोणाच्या तरी दारात थांबावं लागतं. तुमच्या ओळखीत तळमजल्यावर राहणारं, पंधरा अँपियरचा प्लग असलेलं, वेळीच ज्याच्याकडे जायला हवं असं माणूस असेल, तर घ्या.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी डबीला घरच्या प्लगवर लावलं. सकाळपर्यंत पूर्ण भरायला हवी होती, म्हणजे जोगेश्वरीला जाऊन थेट परत येण्याइतकी. रविवारी सातला खाली आले तर काटा अर्ध्यावर. स्विच बंद. मी भडकून वॉचमनला हाक मारणार, इतक्यात बाबा जिन्यातून उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली.

“ओरडू नकोस त्याच्यावर, मीच बंद केला,” ते म्हणाले आणि दार उघडून बसले. “तिथवर जाण्याइतकी आहे.”